बिनपगारी पलटण: ५४व्या मॅसॅच्युसेट्सने दीड वर्ष पगार का घेतला नाही

व्हॉलंटियर म्हटलं की आपल्याला गणपतीच्या मांडवात छातीला बिल्ला लावून रांग सरळ करणारी पोरं आठवतात, त्यामुळे अमेरिकन सिव्हिल वॉरबद्दल वाचताना 'अमक्या राज्याची चोपन्नावी व्हॉलंटियर इन्फन्ट्री' असं काही आलं की पहिला गोंधळ तिथेच होतो, की ही फुकट लढणारी हौशी माणसं होती का? तर नाही. पगार ठरलेला होता, मुदत ठरलेली होती, पळून गेलात तर गोळी घालायची सोयही होती. व्हॉलंटियर याचा अर्थ एवढाच की हा माणूस कायमच्या सरकारी फौजेतला नाही, लढाईपुरतं स्वतःहून नाव नोंदवून आलाय. गंमत म्हणजे मी आज जिची गोष्ट सांगतोय त्या रेजिमेंटने खरोखरच दीड वर्ष फुकट लढून दाखवलं, आणि तेही सरकारचा माणूस पैशांची पेटी घेऊन समोर बसलेला असताना. बिनपगारी फुल अधिकारी म्हणतो ना आपण, तसं. फक्त इथे चेष्टा नव्हती.

रेजिमेंटचं नाव ५४वी मॅसॅच्युसेट्स. कृष्णवर्णीय सैनिकांची पलटण, वर अधिकारी गोरे. तिच्यावर हॉलिवूडचा सिनेमा आहे आणि तो एका किल्ल्यावरच्या हल्ल्यात संपतो, त्यामुळे बहुतेकांना वाटतं की हल्ला झाला, माणसं मेली, गोष्ट संपली. पण पलटण त्यानंतर अजून दोन वर्षं लढत होती, आणि माझ्या मते तिची सगळ्यात अवघड लढाई किल्ल्यावर झालीच नाही, ती झाली पगाराच्या टेबलासमोर.

आता हे नीट कळायला तेव्हाची सिस्टिम समजून घ्यावी लागेल. १८६१ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा अमेरिकेची कायमची फौज होती जेमतेम सोळा हजार, तीही बरीचशी पश्चिमेकडच्या ठाण्यांवर विखुरलेली. दक्षिणेची अकरा राज्यं गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघाली, म्हणजे लढायला लाखो माणसं लागणार, ती आणायची कुठून? तर राज्यांकडून. वॉशिंग्टनने आकडा सांगायचा आणि प्रत्येक राज्याच्या गव्हर्नरने आपापल्या रेजिमेंट उभ्या करायच्या. एका रेजिमेंटमध्ये दहा कंपन्या, एका कंपनीत साधारण शंभर माणसं, म्हणजे भरल्या घरात हजार. कंपनी बहुतेक वेळा एकाच गावची किंवा तालुक्याची असायची, कॅप्टन म्हणजे तिथलाच एखादा वकील नाहीतर पेपरचा संपादक, आणि गावातल्या बायकांनी शिवलेला झेंडा. अधिकाऱ्यांच्या नेमणुका गव्हर्नर करणार. पण एकदा का ती रेजिमेंट रीतसर केंद्राच्या सेवेत दाखल झाली की हुकूम, रेशन, बंदुका आणि पगार हे सगळं वॉशिंग्टनचं. शब्द द्यायचा राज्याने आणि पगार काढायचा केंद्राने. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ ह्यातूनच झालाय.

सुरुवातीला या भरतीत काळ्या माणसाला जागाच नव्हती. १७९२ चा एक जुना कायदा होता, त्यात मिलिशियामध्ये, म्हणजे गरजेपुरत्या बोलावलेल्या नागरिकांच्या फौजेत, फक्त गोरे पुरुष असं लिहिलेलं. १८६१ मध्ये उत्तरेतल्या शहरांमधून काळी माणसं भरतीला गेली आणि त्यांना परत पाठवलं गेलं. लिंकनलाही सुरुवातीला हे नको होतं कारण काठावरची जी गुलामगिरीवाली राज्यं अजून त्याच्या बाजूने होती ती बिथरतील अशी भीती. मग युद्ध लांबलं, माणसं कमी पडायला लागली, तेव्हा १७ जुलै १८६२ ला काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, नवीन मिलिशिया कायदा केला आणि काळ्या माणसांना घ्यायची परवानगी दिली. कशासाठी? तर खंदक खणायला, छावणीतली कामं करायला, मजुरीला, आणि जमलं तर लष्करी सेवेलाही. पगार महिना १० डॉलर, त्यातले ३ कपड्यांपोटी कापता येतील. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर मालकाच्या मळ्यावरून पळून आलेला माणूस आणि त्याच्या हातात फावडं, एवढंच चित्र होतं, बंदूकवाला सैनिक नव्हताच. गोऱ्या साध्या शिपायाला तेव्हा १३ डॉलर मिळायचे आणि कपड्यांचा भत्ता वर वेगळा. म्हणजे एकाच्या हातात तेरा, दुसऱ्याच्या हातात सात. त्यात काळा माणूस सार्जंट झाला तरी दहाच, गोऱ्याला मात्र हुद्द्याप्रमाणे वाढ.

१ जानेवारी १८६३ ला लिंकनची गुलामांच्या मुक्तीची घोषणा झाली आणि त्यात कृष्णवर्णीयांना सैन्यात घेऊ असं स्पष्ट आलं. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर जॉन अँड्र्यू याची कट्टर गुलामगिरीविरोधक म्हणून ओळख, तो याची वाटच बघत होता. जानेवारीच्या शेवटी त्याने युद्धमंत्री स्टँटनकडून परवानगी काढली आणि भरतीला येणाऱ्यांना शब्द दिला की तुम्हाला पगार, कपडे, वागणूक सगळं इतर सैनिकांसारखंच मिळेल. त्याने खोटं सांगितलं असं मला वाटत नाही, त्यालाही वॉशिंग्टनकडून तसंच सांगण्यात आलं होतं. पण कागदावर १८६२ चा कायदा तसाच बसलेला होता.

अडचण अशी की मॅसॅच्युसेट्समध्ये कृष्णवर्णीय वस्ती होती दहा हजाराच्या आत, बायका-मुलं-म्हातारे धरून. त्यातून हजार धडधाकट पुरुष कुठून काढणार? मग जॉर्ज स्टर्न्स नावाच्या एका व्यापाऱ्याने पैसे गोळा करून भरतीचं जाळंच उभारलं, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, ओहायो, थेट कॅनडापर्यंत. फ्रेडरिक डग्लस, जो स्वतः गुलामगिरीतून पळून येऊन देशातला सगळ्यात मोठा वक्ता झाला होता, तो गावोगाव भाषणं करत फिरला, आणि नुसतं दुसऱ्यांच्या पोरांना जा म्हणाला नाही, स्वतःची दोन मुलं, लुईस आणि चार्ल्स, यांना पलटणीत घातलं. (हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, आपल्याकडे पुढाऱ्याचं पोरगं मोर्चात कधी दिसतं का.) आलेल्यांमध्ये शेतमजूर होते, न्हावी होते, वेटर, खलाशी, बरेचसे जन्मापासून स्वतंत्र, काही पळून आलेले.

कर्नल म्हणून अँड्र्यूने निवडला रॉबर्ट गोल्ड शॉ, वय २५, बॉस्टनच्या बड्या गुलामगिरीविरोधक घराण्यातला. त्याचे वडील गव्हर्नरचं पत्र स्वतः घेऊन व्हर्जिनियातल्या छावणीत गेले तर पठ्ठ्याने आधी नाही सांगितलं, मग मन बदललं आणि होकार कळवला. तो काही जन्मजात महात्मा वगैरे नव्हता, सुरुवातीच्या पत्रांमध्ये त्याचे स्वतःचेही पूर्वग्रह दिसतात, पण माणूस शिकत गेला. बॉस्टनजवळ रीडव्हिलला छावणी पडली, आणि २८ मे १८६३ ला पलटण बॉस्टनच्या रस्त्यांवरून वाजतगाजत निघून बंदरावर बोटीत बसली आणि साउथ कॅरोलायनाला गेली.

जाताना त्यांना माहीत होतं की पकडले गेलो तर आपली गत काय होणार. दक्षिणेच्या सरकारने आधीच जाहीर केलं होतं की काळा सैनिक सापडला तर तो युद्धकैदी नाही, बंडखोर गुलाम समजला जाईल, आणि त्याच्या गोऱ्या अधिकाऱ्यावर गुलामांना उठावाला चिथावल्याबद्दल खटला, शिक्षा मृत्यू. म्हणजे गोऱ्या सैनिकाला जी एक शेवटची सोय असते, हात वर केले की जीव वाचतो, ती यांना नव्हती.

पहिली कामगिरी तर लाजिरवाणीच निघाली. ११ जूनला जॉर्जियातलं डॅरियन नावाचं गाव, जवळपास रिकामं, लुटून जाळून टाकायचा हुकूम वरच्या कर्नल माँटगोमेरीने दिला. शॉला ते अजिबात पटलं नाही, पण पलटण तिथे होती हे खरंय, आणि त्याची बोच त्याला शेवटपर्यंत राहिली. त्यानंतर १६ जुलैला जेम्स आयलंडवर पहिली खरी चकमक, पहाटे शत्रू चालून आला, ५४व्या पलटणीच्या पुढच्या कंपन्यांनी मागे सरकत सरकत त्याला एवढा वेळ रोखून धरलं की बाजूला अडकू शकणारी गोरी १०वी कनेक्टिकट रेजिमेंट सहीसलामत निघाली. साधारण ४५ माणसं मेली, जखमी झाली किंवा हरवली.

त्याच आठवड्यात तिकडे न्यूयॉर्कमध्ये काय चाललं होतं बघा. सक्तीच्या भरतीविरुद्ध १३ जुलैला दंगल उसळली आणि जमावाने राग काढला तो शहरातल्या काळ्या लोकांवर, माणसं झाडाला नि दिव्याच्या खांबाला लटकवली. पलटणीतला सार्जंट रॉबर्ट सिमन्स, मूळचा बर्म्युडाचा, त्याचा सात वर्षांचा भाचा त्या दंगलीत मारला गेला, आणि त्याच आठवड्याच्या शेवटी सिमन्स स्वतः वॅगनर किल्ल्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला नि पुढच्या महिन्यात कैदेत वारला. ज्या शहरातली माणसं या देशासाठी लढायला नको म्हणून दंगल करतात, त्याच दंगलीत त्या देशासाठी लढणाऱ्याच्या घरचं मूल जातं. यावर आणखी काय लिहायचं.

तर वॅगनर. चार्ल्स्टन हे दक्षिणेचं महत्त्वाचं बंदर, युद्धाचा पहिला गोळा तिथेच सुटला होता. उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची सगळी बंदरं कोंडून ठेवली होती जेणेकरून कापूस बाहेर जाऊ नये आणि शस्त्रं आत येऊ नयेत. (आणि हो, याच कोंडीमुळे मँचेस्टरच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसाकडे वळल्या, खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत प्रेमचंद रायचंदच्या काळातला तो वेडा शेअरचा सट्टा झाला आणि १८६५ मध्ये युद्ध संपल्यावर धाडकन आपटला. म्हणजे ही लढाई वाटते तेवढी लांबची नाही.) चार्ल्स्टनच्या तोंडाशी मॉरिस नावाचं वाळूचं बेट, त्यावर वाळू आणि ताडासारख्या झाडांचे ओंडके वापरून बांधलेला वॅगनर किल्ला. दगडी किल्ला तोफेने फुटतो, वाळूचा फुटत नाही, गोळा आत घुसतो आणि वाळू परत आपल्या जागेवर बसते. शिवाय जमिनीकडून किल्ल्याकडे जायला एकच वाट, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला दलदल, मध्ये किनाऱ्याची चिंचोळी पट्टी, तीही पुढे पुढे आणखी अरुंद होत जाणारी. हजारो माणसं असली तरी समोरासमोर थोडीच मावणार.

१८ जुलैला उत्तरेच्या जनरल गिलमोरने दिवसभर जमिनीवरून आणि युद्धनौकांवरून तोफांचा मारा केला आणि त्याला वाटलं आत काय शिल्लक राहिलं असेल. आत साधारण १७०० माणसं ओंडके-वाळूच्या तळघरात बसून होती, बहुतेक सगळी जिवंत. ५४वी त्या दिवशी संध्याकाळी तिथे पोचली ती दोन रात्रींचं जागरण, पावसातून चिखलातून चाल, होड्या आणि जवळजवळ उपाशी पोट घेऊन. जनरल स्ट्राँगने शॉला पुढे राहायचा मान देऊ केला, शॉने घेतला. आता याला मान म्हणायचं की काय म्हणायचं हे ज्याचं त्याने ठरवावं, पण पलटणीला हे सिद्ध करायचंच होतं की आम्ही लढतो, कारण पेपरांमध्ये उघड लिहून येत होतं की काळा माणूस गोळीसमोर टिकणार नाही.

अंधार पडता पडता साधारण ६०० जण निघाले. पट्टी अरुंद झाली तशी बाजूची माणसं गुडघाभर पाण्यात ढकलली गेली, मग किल्ल्यातून बंदुका आणि तोफा एकदम सुटल्या. खंदक ओलांडून काही जण उताराच्या वाळूवरून वर चढले, शॉ तटावर पोचला आणि तिथेच छातीत गोळी लागून पडला. झेंडा धरणारा पडल्यावर विल्यम कार्नी नावाच्या सार्जंटने झेंडा उचलला, तटापर्यंत नेला, आणि माघारीचा हुकूम आल्यावर अंगावर अनेक जखमा घेऊन रांगत खुरडत परत आणला, म्हणाला की पोरांनो, झेंडा जमिनीला टेकू दिला नाही. मागून आलेल्या गोऱ्या रेजिमेंटांचीही अशीच कत्तल झाली. त्या एका रात्री उत्तरेची दीड हजारावर माणसं गेली, जखमी झाली नाहीतर पकडली गेली, किल्ल्यातली दोनशेच्या आसपास. ५४वीची सहाशेतली २७० हून जास्त. किल्ला पडलाच नाही. पुढे सप्टेंबरमध्ये दक्षिणेने स्वतःच रातोरात सोडून दिला, कारण गिलमोर खंदक खणत खणत किल्ल्याच्या अगदी जवळ येऊन पोचला होता.

अधिकाऱ्यांचे मृतदेह एकमेकांना परत द्यायची पद्धत होती, पण शॉला त्याच्या काळ्या सैनिकांबरोबर एकाच खड्ड्यात टाकलं, अपमान म्हणून. त्याच्या वडिलांनी गिलमोरला कळवलं की मृतदेह शोधायचा प्रयत्न करू नका, आहे तिथेच राहू दे, त्याच्या माणसांमध्ये. तो अपमान तिथल्या तिथे फुस्स झाला.

जे पकडले गेले त्यांच्यातल्या काहींवर चार्ल्स्टनमध्ये खटला उभा राहिला, गुलामांचा उठाव या कलमाखाली. लिंकनने ३० जुलैला आदेश काढला होता की आमचा एक सैनिक असा मारलात तर तुमचा एक मारू, आमच्याला गुलाम केलंत तर तुमच्याला सक्तमजुरीला लावू. कशामुळे ते असो, पण कोर्टाने हे आपल्या अधिकारात येत नाही म्हणून हात वर केले. फाशी टळली, कैद मात्र पुढे चालूच राहिली.

आता मुख्य गोष्ट. या कत्तलीनंतर काही दिवसांतच पगारवाला अधिकारी आला. पलटणीला पहिला पगार. आणि त्याने सांगितलं की तुमचे दहा डॉलर, त्यातून तीन कपड्यांचे वजा. युद्धखात्याच्या वकिलाने मत दिलेलं की काळ्या सैनिकांना १८६२ चा कायदाच लागू होतो, त्यामुळे तेरा देता येत नाहीत. पलटण म्हणाली, नको. कमी आहेत म्हणून वाढवून द्या असं नाही, हे सातही नकोत. एकेकाने सही करायला नकार दिला.

यामागचं लॉजिक मला कळायला वेळ लागला, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपण सहज म्हणू की अरे घे की हातात येतील तेवढे, बाकीसाठी नंतर भांड, घरी बायकोमुलं उपाशी आहेत. पण सात डॉलर घेऊन पगारपत्रकावर सही केली की त्याचा अर्थ होतो की १८६२ चा कायदा आम्हाला लागू आहे, म्हणजे आम्ही मजूर म्हणून आलोय. ज्या कागदावर सही करायची त्या कागदावर तुम्ही कोण हे आधीच लिहिलेलं आहे. भांडण सहा डॉलरचं नव्हतंच. त्यात वॅगनरनंतर त्यांना खंदक खणायच्या कामाला जुंपलं होतं, ते एकवेळ ठीक, सगळेच खणत होते, पण वर गोऱ्या रेजिमेंटांचे तंबू ठोकून द्यायचे, त्यांच्या छावणीची साफसफाई करायची, हेही काळ्या पलटणींकडून करून घेतलं जात होतं, शेवटी सप्टेंबरमध्ये गिलमोरलाच आदेश काढून ते बंद करावं लागलं. अशा वेळी २८ सप्टेंबर १८६३ ला पलटणीतला जेम्स हेन्री गुडिंग, पूर्वी व्हेल पकडणाऱ्या जहाजांवर काम केलेला माणूस, याने थेट लिंकनला पत्र लिहिलं आणि मुख्य प्रश्न एका ओळीत विचारला: आम्ही सैनिक आहोत की मजूर? माझ्या मते सगळ्या युद्धात एवढा नेमका प्रश्न कुणी विचारला नसेल.

इकडे गव्हर्नर अँड्र्यूची पंचाईत झाली, शब्द त्याने दिलेला. त्याने नोव्हेंबरमध्ये राज्याच्या विधिमंडळाकडून ठराव करून घेतला की केंद्र कमी देतंय ना, वरची तफावत मॅसॅच्युसेट्स भरेल. राज्याची माणसं पैसे घेऊन साउथ कॅरोलायनाला पोचली. चांगला तोडगा ना? पलटणीने तेही घेतले नाहीत. गव्हर्नर साहेबांचे आभार मानले आणि सांगितलं की आमचा करार अमेरिकेच्या सरकारशी आहे, त्याने आम्हाला कमी लेखलं आणि तुम्ही ती उणीव भरून काढलीत तर कमी लेखणं तसंच राहणार. त्यांच्या जोडीची ५५वी मॅसॅच्युसेट्सही तशीच अडून बसली.

हा काही रोमँटिक प्रकार नव्हता. घरून पत्रं येत होती, भाडं थकलंय, मूल आजारी आहे, काहींच्या बायकांवर गरिबांसाठीच्या अनाथालयासारख्या सरकारी घरात जायची वेळ आली. सैनिकाकडे घरी पत्र पाठवायला टपालाच्या तिकिटाचेही पैसे नाहीत. पलटणीत कुरबुरी वाढल्या, कधी कधी काहींनी कामावर जायला नकार दिला, आणि असा नकार म्हणजे लष्करात बंड. बाजूच्याच एका पलटणीत, ३री साउथ कॅरोलायना, सार्जंट विल्यम वॉकरने आपल्या कंपनीला बंदुका खाली ठेवायला लावल्या, की सरकारने करार मोडला म्हणजे आम्हीही मोकळे. त्याला २९ फेब्रुवारी १८६४ ला गोळी घालून मारलं. ५४वीने बंदुका खाली ठेवल्या नाहीत. पगार नाकारायचा पण ड्युटी सोडायची नाही, ही जी बारीक रेघ आहे ना तिच्यावर ती पलटण दीड वर्ष चालली, आणि मला तरी ते वॅगनरच्या तटापेक्षा अवघड वाटतं. तट एका तासाचा होता.

त्याच फेब्रुवारीत, २० तारखेला, फ्लोरिडात ओलस्टीला लढाई झाली. तिथे उत्तरेचा जनरल सेमूर, तोच ज्याने वॅगनरच्या हल्ल्याची धुरा सांभाळली होती, पुन्हा सपाटून हरला. ५४वीला शेवटी आणलं, मागे हटणाऱ्या फौजेची पाठ राखायला. पुढे जाताना पलटणीतून आरोळी उठली 'मॅसॅच्युसेट्स आणि महिना सात डॉलर!' हर हर महादेव नाही, काही नाही, थेट पगारपत्रक. त्या टोमण्यात जेवढा राग आहे तेवढीच मस्ती पण आहे. तिथून परतताना जखमींनी भरलेली आगगाडी बंद पडली, इंजिन चालेना, गाडी सोडली तर जखमी शत्रूच्या हाती. मग याच दमलेल्या माणसांनी गाडीला दोर बांधले आणि ती हातांनी ओढत काही मैल नेली. ओलस्टीलाच गुडिंग पकडला गेला, आणि अँडरसनव्हिलच्या त्या कुप्रसिद्ध कैदखान्यात जुलै १८६४ मध्ये वारला. प्रश्नाचं उत्तर त्याला मिळालंच नाही.

उत्तर यायला सुरुवात झाली ती एका धर्मगुरूमुळे. पलटणीचा चॅपलिन सॅम्युअल हॅरिसन, स्वतः कृष्णवर्णीय. चॅपलिनचा पगार होता महिना शंभर डॉलर. याला म्हणाले तू काळा, तुझे दहा. एवढा उघड मूर्खपणा की अँड्र्यूने ते प्रकरण थेट लिंकनपुढे नेलं, आणि ॲटर्नी जनरल बेट्सने एप्रिल १८६४ मध्ये मत दिलं की हॅरिसनला पूर्ण पगार मिळायला हवा. भिंतीला पहिली चीर पडली ती इथे.

मग १५ जून १८६४ ला काँग्रेसने कायदा केला. १ जानेवारी १८६४ पासून सगळ्यांना समान पगार. पण आधीचं काय? तर आधीच्या काळाचा फरक फक्त त्यांनाच, जे १९ एप्रिल १८६१ ला स्वतंत्र होते. ही जी खोच आहे ती बघा. म्हणजे एकाच कंपनीत, एकाच तंबूत झोपलेले दोघं, दोघांनी वॅगनर पाहिलेलं, त्यातला एक बॉस्टनचा न्हावी म्हणून त्याला सगळी थकबाकी, आणि दुसरा व्हर्जिनियातून पळून आलेला म्हणून त्याला नाही. आणि प्रत्येकाने शपथेवर सांगायचं. ज्यांची सगळी ताकद एकत्र नाही म्हणण्यात होती त्यांच्यात बरोबर तिथेच फट पाडणारी ही तरतूद.

शॉनंतर पलटणीचा कर्नल झालेला एडवर्ड हॅलोवेल, फिलाडेल्फियाच्या क्वेकर (हा गुलामगिरीच्या विरोधात उभा राहिलेला एक ख्रिस्ती पंथ) घराण्यातला, याने मग एक शपथ तयार केली, जिला पुढे क्वेकर शपथच म्हणायला लागले. त्याने विचारलं नाही की तू तेव्हा स्वतंत्र होतास का. त्याने शपथ अशी घडवली की १९ एप्रिल १८६१ ला किंवा त्याआधी कुठल्याही माणसाचं मी बिनमोबदल्याच्या श्रमांचं देणं लागत नव्हतो. आता विचार करा, गुलामगिरीत जन्मलेला माणूस सुद्धा ही शपथ छातीठोक घेऊ शकतो, कारण कायदा काहीही म्हणो, देवाच्या दरबारात तो कुणाचंच फुकट काम लागत नव्हता. एका ओळीत कायद्याचं पालनही झालं आणि कायद्यामागचं गृहीतकच उडवलं. सरकारी फॉर्ममधली एवढी सुंदर पळवाट मी दुसरी पाहिली नाही. सगळ्यांनी शपथ घेतली. सप्टेंबर १८६४ च्या शेवटी पैसे आले, या एका पलटणीची थकबाकी सुमारे १ लाख ७० हजार डॉलर, तिथून घरोघरी मनीऑर्डरीसारखे पैसे रवाना झाले, छावणीत गाणी-भाषणं झाली. इतर पलटणींमधल्या, म्हणजे ज्यांना हॅलोवेल भेटला नाही अशा माजी गुलाम सैनिकांना आणखी थांबावं लागलं, मार्च १८६५ च्या कायद्याने त्यांच्यातल्या काहींचा प्रश्न सुटला.

पगार मिळाला तरी हुद्द्याचा प्रश्न राहिलाच. सार्जंट स्टीफन स्वेल्स, ओलस्टीला डोक्याला जखम झाली तरी लढलेला, याला अँड्र्यूने लेफ्टनंट केलं, पण युद्धखात्याने मान्यताच देईना कारण त्याच्या अंगात आफ्रिकी रक्त. जवळपास वर्षभर कागद फिरत राहिला, जानेवारी १८६५ मध्ये एकदाचा तो रीतसर अधिकारी झाला. पलटण मधल्या काळात नोव्हेंबरमध्ये हनी हिलला लढली, पुढे चार्ल्स्टन पडल्यावर त्या भागात राहिली, आणि १८ एप्रिल १८६५ ला, म्हणजे दक्षिणेचा सेनापती ली याने शरणागती पत्करून नऊ दिवस झाल्यावर, बॉयकिन्स मिलला एक चकमक लढली कारण बातमी तिथवर पोचलीच नव्हती. त्यातही माणसं गेली. ऑगस्टमध्ये पलटण मोडली, २ सप्टेंबरला बॉस्टनला परत.

स्वेल्स मात्र साउथ कॅरोलायनातच राहिला, तिथल्या राज्य सिनेटवर निवडून आला, किंग्जट्रीचा मेयर झाला. १८७३ मध्ये तो सिनेटर असताना इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केलं ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी त्याग केला, आमच्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवावा या आशेने. त्या अर्पणपत्रिकेत नाव कुणाचं नाही, पण ती वाचताना मला दरवेळी शॉपेक्षा तंबूत बसून पगारपत्रक परत सरकवणारी माणसंच आठवतात. दुर्दैवाने तिकडेही लवकरच काटा उलटा फिरला, १८७७ नंतर दक्षिणेतल्या काळ्या मतदारांना पद्धतशीर बाजूला सारलं गेलं आणि स्वेल्सलाही सिनेट सोडावं लागलं.

बॉस्टनला स्टेट हाउसच्या, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाच्या इमारतीच्या, समोर ऑगस्टस सेंट-गॉडन्सने घडवलेलं ब्राँझचं शिल्प १८९७ मध्ये बसवलं, घोड्यावर शॉ आणि बाजूने चालणारे सैनिक, एकेकाचा चेहरा वेगळा. त्यावर मेलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं होती, सैनिकांची नव्हती. ती मागच्या बाजूला कोरली गेली १९८० च्या दशकात.

आणि झेंडा आणणारा कार्नी? त्याला मेडल ऑफ ऑनर, म्हणजे तिथलं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं मे १९०० मध्ये, हल्ल्यानंतर जवळजवळ ३७ वर्षांनी. मधली तीसेक वर्षं तो न्यू बेडफर्डमध्ये टपाल वाटत होता. रिटायर झाल्यावर त्याला त्याच स्टेट हाउसमध्ये निरोप्याची नोकरी मिळाली, समोर शिल्प, आत युद्धातल्या झेंड्यांचं दालन, आणि हा म्हातारा कागद घेऊन या खोलीतून त्या खोलीत. १९०८ मध्ये तिथल्या लिफ्टच्या अपघातात पाय चिरडून तो गेला.